खंबायतची पोथी आणि तिचे धनी

महसूल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एक खोड जडते. कागद हाती आला की तो मजकुराआधी शेवटचे पान उलटून पाहतो. लिहिले कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या तिथीला, कोणत्या गावी. आणि आज ज्याच्या कब्जात हा कागद आहे त्याच्याकडे तो आला कसा? सात-बाराच्या उताऱ्यावरचे नाव खरे की नुसतेच चढवलेले, हे उताऱ्यावरून कधीच कळत नाही. त्यामागच्या फेरफार नोंदी एकेक करून वाचाव्या लागतात आणि एखादी नोंद गहाळ असली की सगळा दावा तिथेच अडतो. निवृत्तीनंतर वाचनाकडे वळलो तरी ही खोड सुटली नाही. त्यामुळे जुन्या पोथीतही माझे लक्ष प्रथम पुष्पिकेकडे जाते. ग्रंथ संपल्यावर लेखनिक ज्या चार-दोन ओळी स्वतःच्या पदरच्या लिहितो, त्या म्हणजे पोथीचे पहिले हक्कपत्रकच.

अशाच एका पोथीची, किंबहुना एकाच हाताने लिहिलेल्या काही पोथ्यांची मालकी या लेखात तपासून पाहावयाची आहे. त्या आपल्या धर्माच्या नाहीत, आपल्या भाषेतल्याही नाहीत. परंतु आपल्या परिसरातल्या मात्र आहेत. सुरतेतल्या आपल्या मराठी घरांतून शहराचा इतिहास म्हटला की १६६४ आणि १६७० ही दोनच साले निघतात. महाराजांनी सुरतेतून काय नेले याच्या याद्या आपण हौसेने वाचतो. याच शहरातून पुढे कोणी काय नेले, इकडे मात्र आपण क्वचितच पाहिले आहे.

पारशी धर्मग्रंथांत यस्न नावाचा एक प्रार्थनाग्रंथ आहे. शब्द ऐकताच संस्कृत जाणणाऱ्याचे कान टवकारतील, कारण यस्न म्हणजे यज्ञच. तिकडचा हओम तो आपला सोम, आणि झओतर तो आपला होता. या ग्रंथाचे अध्याय बहात्तर. पारशी मनुष्य कमरेला जी कुस्ती बांधतो तिचे धागेही बहात्तरच असतात. जरथुष्ट्राच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या सतरा गाथा याच ग्रंथाच्या पोटात आहेत. अग्यारीतला धर्मगुरू हा पाठ मुखोद्गत म्हणतो. पोथी समोर ठेवण्याचे त्याला कारण नसते. पोथ्या असत त्या दोन प्रकारच्या. एक नुसत्या मूळ संहितेची, विधीच्या सूचनांसह. दुसरीत अवेस्ता भाषेतले एक वाक्य आणि लगेच त्याचा पहलवी भाषेतला अर्थ, पुन्हा वाक्य, पुन्हा अर्थ. आपल्याकडे नित्यपाठाची ज्ञानेश्वरी वेगळी आणि सार्थ ज्ञानेश्वरी वेगळी, तसाच हा भेद. पहिली पोथी पाठासाठी, दुसरी समजण्यासाठी.

यस्नाच्या सार्थ पोथ्यांपैकी आज जगात ज्या सर्वांत जुन्या उरल्या आहेत त्या दोन असून दोन्ही १३२३ सालच्या आहेत. दोन्ही एकाच माणसाने, एकाच गावी लिहिल्या. गाव खंबायत, लेखनिक इराणातून आलेला मिहरबान कैखुस्रो. पहिली पोथी त्याने जानेवारीत पुरी केली, दुसरी नोव्हेंबरात. याच सुमारास त्याने वेंदिदाद या दुसऱ्या धर्मग्रंथाच्या सार्थ प्रतीही केल्या, एक १३२३ ची व एक १३२४ ची. यस्नाची पहिली प्रत आज ऑक्सफर्डला आहे, दुसरी कोपनहेगनला. वेंदिदादची एक लंडनला, दुसरी पुन्हा कोपनहेगनला. चौघी सख्ख्या बहिणी, आणि सासरे दोन देशांत पडले म्हणावयाचे.

खंबायतला येण्यापूर्वी, १३२२ साली, हाच मिहरबान ठाण्याला बसून पहलवी ग्रंथांची एक मोठी पोथी उतरवीत होता. ठाण्याच्या वाचकांनाही हे सहसा ठाऊक नसते. परंतु कोकणच्या त्या किनाऱ्यावर पहलवी अक्षरे त्याआधीही उमटली होती. कान्हेरीच्या लेण्यांत १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपापली नावे पहलवीत कोरून ठेवली आहेत. मिहरबानचा चुलतपणजोबा रुस्तम मिहरबान हाही लेखनिक होता, तोही हिंदुस्थानात आला होता, आणि अंकलेश्वरला बसून त्याने लेखन केले होते. म्हणजे वतन पिढीजात होते. मिहरबानने यस्न उतरवताना समोर ठेवली तीही या रुस्तमच्या हातची परंपरा.

आता पुष्पिकेकडे येऊ, कारण या लेखाचा जीव तिच्यातच आहे. खंबायतच्या या पोथ्यांत पहलवी पुष्पिकेच्या जोडीला संस्कृत पुष्पिकाही येते. पहलवी उजवीकडून डावीकडे चालते, संस्कृत डावीकडून उजवीकडे. (यस्नाच्या संस्कृत भाषांतराच्या ज्या पोथ्या आहेत त्यांत तर नागरी ओळ उलटी, म्हणजे डोके खाली करून लिहिलेली असते, दोन्ही लिपी एका दिशेने चालाव्यात म्हणून लेखनिकाने काढलेली ही युक्ती पाहिली की हसूही येते आणि त्याच्या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटतात.) संस्कृत पुष्पिकेत संवत् १३७९ आहे, गावाचे नाव स्तंभतीर्थ असे आहे, राज्य करणारा सुलतान गयासुद्दीन आहे, आणि पोथी लिहवून घेणारा पारशी व्यापारी चाहिल, सांगणाचा मुलगा, याचे नाव आहे. पहलवी भागात यज्दगर्दी सन ६९२ येतो. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवावे तसे त्यात ६३१ मिळवले की १३२३ निघतो. दोन कालगणना, दोन लिपी, दोन भाषा. आणि हिशेब दोन्हीकडून जुळतो. कोणत्याही दस्ताला याहून चांगली साक्ष कोणती हवी?

ही संस्कृत कालिदासाची नव्हे, हे उघड आहे. व्याकरणाचा आग्रह धरणारा पंडित ती पाहून नाक मुरडील. मला मात्र ती अतिशय परिचित वाटली, आणि का वाटली हे उमगायला थोडा वेळ लागला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ साली चिमणलाल दलाल आणि गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादिलेली ‘लेखपद्धति’ ज्यांनी चाळली असेल त्यांच्या हे चटकन ध्यानात येईल. मध्ययुगीन गुजरातेत खरेदीखत, गहाणखत, कबुलायत कशी लिहावी याचे नमुने तिच्यात आहेत. तिथी, स्थळ, राजाचे नाव, मग पक्षकार, मग व्यवहार. चाहिलची पुष्पिका हाच साचा घेऊन येते. पेढीवर रोज जी भाषा चाले तीच त्याने धर्मकार्यालाही वापरली. देवाच्या पुस्तकाच्या शेवटी दस्ताची भाषा यावी यात मला विसंगती दिसत नाही. उलट, आपण काय करीत आहोत हे चाहिलला पक्के ठाऊक होते याची ती खूण आहे. लेखनिक परका, ग्रंथाची भाषा परकी, आणि पुढेमागे कोणी विचारील की ही पोथी कोणाची, तर उत्तर इथल्या माणसाला वाचता येईल अशा अक्षरांत असले पाहिजे, ही दूरदृष्टी व्यापाऱ्याचीच.

चाहिलला ही निकड का भासली असावी? १२९९ साली अलाउद्दीन खिलजीच्या सैन्याने खंबायत लुटली होती. त्या गोष्टीला पोथी पुरी झाली तेव्हा पंचवीस वर्षेही झालेली नव्हती. चाहिलच्या वडिलांच्या पिढीने ती लूट पाहिली असणार. बंदर पुन्हा उभे राहिले, व्यापार पुन्हा वाढला. परंतु लुटीनंतर सावरलेल्या माणसाला माल जसा मोजून ठेवावासा वाटतो तसेच ज्ञानही मोजून, नक्कल करून ठेवावेसे वाटत असावे. एकाच वर्षात एकाच ग्रंथाच्या दोन प्रती का, याचा मला तरी असाच अर्थ लागतो. एक गेली तर दुसरी राहावी. त्यातही नुसत्या पाठाची पोथी नव्हे, सार्थ पोथी. पाठ तर मोबेदांच्या तोंडी होताच. भीती होती ती अर्थ हरवण्याची. तशी ती त्याच्याआधीही एकाला वाटली होती. संजाणच्या नेर्योसंग धवलाने यस्नाचे संस्कृत भाषांतर केले ते याच काळजीपोटी. पारशांनी आपल्या प्रार्थनांचा अर्थ संस्कृतात सांभाळून ठेवला, ही गोष्ट आपल्या शाळांतल्या इतिहासाच्या पुस्तकांत यावयास हवी होती.

मालकीचा प्रश्न इथेच पहिल्यांदा उभा राहतो. पोथी कोणाची? हात मिहरबानचा, पैसा चाहिलचा, मजकूर रुस्तमच्या प्रतीतला, आणि शब्द तर कोणा एकाचे नव्हेतच. जरथुष्ट्री पुष्पिकांत लेखनिक बहुधा सांगतो की वाचावे, नक्कल करावी, चूक दिसल्यास दुरुस्त करावी, परंतु माझे नाव पुसू नये. आपल्या पोथ्यांतला लेखनिकही चुकीचा दोष मला देऊ नका म्हणतो. तेलापाण्यापासून, ढिल्या बांधणीपासून पोथीला जपा म्हणतो. पोथी माझी आहे असे दोघांपैकी कोणीच म्हणत नाही. मागणी नावापुरती आहे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

मधली चार शतके ओलांडून आता सुरतेला येतो. खंबायतचे आखात गाळाने भरत गेले, बंदर सुरतेकडे सरकले, आणि धर्मगुरूंची मोठी घराणी नवसारी, भडोच आणि सुरत येथे स्थिरावली. पोथ्याही त्यांच्याबरोबर आल्या. १७५८ साली आंकतिल द्युपेराँ नावाचा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा फ्रेंच तरुण सुरतेत उतरला. पारशांचे मूळ ग्रंथ मिळवावयाचे आणि ते समजून घ्यावयाचे, एवढ्याच ध्यासाने तो निघाला होता. सुरतेत त्या वेळी पारशी समाजात मोठी फूट होती. इराणी पंचांग खरे की इथले, या वादातून १७४५ साली कदीमी पंथ वेगळा झाला होता. आंकतिलला शिकविण्याचे ज्याने कबूल केले तो दस्तूर दाराब कुमाना कदीमी पक्षाचा.

आंकतिलचा ग्रंथ १७७१ साली पॅरिसला तीन खंडांत निघाला. त्याच्या आरंभी त्याने आपल्या प्रवासाचा प्रदीर्घ वृत्तान्त जोडला आहे. साहित्य म्हणून तो वृत्तान्त वाचनीय आहे यात शंका नाही. वेरूळ, कान्हेरी, घारापुरी, मराठ्यांचा मुलूख, सगळे त्यात येते. परंतु साक्ष म्हणून तो वाचताना सावध राहावे लागते, कारण त्यातला नायक एकच आहे. दाराबने आपल्याला अपुरी, बदललेली प्रत दिली. विरुद्ध पक्षाच्या शेटजींकडची प्रत डच वखारीच्या मध्यस्थीने मिळवून आपण ती ताडून पाहिली, आणि चोरी पकडली, असे तो सांगतो. त्याचे म्हणणे खरेही असेल. पण त्यातून तो दस्तुराच्या लबाडीचा जो निष्कर्ष काढतो तो मला मान्य नाही. नोकरीत शेकडो जबाब नोंदवल्यावर एक गोष्ट कळते. सांगणारा अडखळतो तेव्हा तो खोटेच बोलत असतो असे नव्हे. पुष्कळदा समोरचा मनुष्य ही माहिती कशासाठी वापरणार, हे त्याला कळलेले नसते. ज्या ग्रंथाचा उच्चार परधर्मीयाच्या कानी पडू नये असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले, तो ग्रंथ बंदरावर उतरलेल्या परक्याच्या हाती ठेवताना दाराबचा हात आखडला असेल तर त्याला लबाडी म्हणण्याआधी दहा वेळा विचार करावा. शिवाय शेवटी शिकवले ते त्यानेच. आंकतिलच्या भाषांतरात पदोपदी दाराबचा अर्थ आहे. ग्रंथावर मात्र नाव एकट्याचे.

न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आंकतिल १७६१ साली सुरतेहून निघाला आणि १७६२ साली पॅरिसला पोहोचताच त्याने पारशी ग्रंथांच्या पोथ्या राजाच्या ग्रंथालयात जमा केल्या, घरात ठेवल्या नाहीत. आपली पोथी कोठून आली, कोणी दिली, कशी मिळाली, हे त्याने फुशारकीने का होईना पण लिहून ठेवले. आज आपण त्याच्यावर टीका करतो ती त्याच्याच कागदावरून. अनेक सज्जन संग्राहकांच्या बाबतीत तीही सोय नाही.

त्याच्या ग्रंथावर विल्यम जोन्सने १७७१ मध्येच फ्रेंच भाषेत एक जहरी पत्र छापून टीका केली. असले कंटाळवाणे लिखाण जरथुष्ट्रासारख्या ज्ञान्याचे असणे शक्य नाही, हा त्याच्या युक्तिवादाचा गाभा. समीक्षक म्हणून जोन्सची ही चूक फार बोलकी आहे. संस्कृतचे महत्त्व ज्याने पुढे जगाला सांगितले त्या विद्वानाने इथे ग्रंथाचा खरेपणा आपल्या रुचीच्या तराजूत तोलला. खरेपणाची पारख रुचीने होत नसते. प्रत कोणाची, कधीची, कोणत्या प्रतीवरून उतरली, भाषा कोणत्या काळची, या वाटेने जावे लागते. डॅनिश भाषापंडित रास्मुस रास्क १८२० च्या सुमारास मुंबईस आला, पोथ्या घेऊन परतला, आणि १८२६ साली त्याने अवेस्ताचे प्राचीनत्व व खरेपणा यांवर प्रबंध प्रसिद्ध केला. मग १८३३ साली फ्रान्समध्ये ब्युर्नूफने यस्नावरचे आपले भाष्य लिहिले, आणि त्यासाठी त्याने आधार घेतला तो नेर्योसंगाच्या संस्कृत भाषांतराचा. संजाणच्या धर्मगुरूची संस्कृत पॅरिसला पोहोचली आणि तिने आंकतिलच्या चुका दुरुस्त केल्या. दाराबची बाजू अशी सहा-सात शतकांपूर्वीच्या त्याच्या जातभाईने उचलून धरली, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

सुरतेचा दुसरा पाहुणा सॅम्युएल गाइझ. हा कंपनी सरकारचा शल्यवैद्य. १७८८ पासून १७९५ अखेर सुरतेच्या इस्पितळाचा प्रमुख होता. जखमा शिवता शिवता त्याने पोथ्या जमविल्या. दाराब कुमाना तोवर निवर्तला होता. गाइझच्या संग्रहातल्या पारशी धर्मग्रंथांचा महत्त्वाचा भाग दाराबच्या विधवेकडून विकत घेतलेला आहे. १८०० साली लंडनला त्याने आपल्या संग्रहाची यादी छापली. त्याच्या मृत्यूनंतर, १८१२ साली, संग्रहाचा लिलाव झाला. अवेस्ता-पहलवी पोथ्या कंपनीच्या ग्रंथालयात गेल्या आणि तेथून कालांतराने ब्रिटिश लायब्ररीत. मिहरबानच्या हातची १३२३ ची वेंदिदाद हीच ती, गाइझची.

या व्यवहारात बेकायदा काही नाही. विक्री झाली, पैसे मिळाले, कब्जा दिला. फेरफार मंजूर करावयाचा अधिकारी मी असतो तर नोंद प्रमाणित केलीच असती. तरीही या नोंदीपाशी मी थबकतो. नवरा गेलेल्या घरात कपाटभर पोथ्या आहेत, त्या वाचू शकणारा गेला, वाचक म्हणून दारात कोणी येत नाही, गिऱ्हाईक म्हणून साहेब येतो. आपल्या किती वाड्यांतून हेच घडले आहे! पुण्या-सातारकडच्या दप्तरांचे काय झाले हे वाचकांना मी सांगावयास नको. तिथे साहेबही आला नाही, तर रद्दीवाला आला. म्हणून गाइझला दोष देताना माझी लेखणी चालत नाही. मात्र विद्वानांच्या ग्रंथांतून दाराबला नाव आहे, गाइझला नाव आहे, आणि जिने पोथ्या दिल्या ती केवळ दाराबची विधवा आहे, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

तिसरी कथा अगदी निराळी. यस्नाची जी पोथी मिहरबानने जानेवारीत पुरी केली ती मुंबईच्या दस्तूर जामास्पजी मिनोचेहेरजी जामास्पआसा यांच्या घरी होती. हे घराणे मूळ नवसारीचे, विद्येचे. हिंदुस्थानातल्या पोथ्या पारशी घरांनी विश्वासाने जर्मनीला पाठवल्या म्हणूनच गेल्डनरची १८८६ ते १८९६ या काळात निघालेली अवेस्ताची चिकित्सक आवृत्ती होऊ शकली, हेही लक्षात ठेवावे. जामास्पजींनी आपली ही पोथी १८८९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाला बक्षीस दिली. विकली नाही, गहाण टाकली नाही, कोणी मागे लागून काढून घेतली नाही. १८९३ साली लॉरेन्स मिल्स यांनी तिची छायाप्रत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि जी पोथी पाहण्यासाठी मुंबईच्या एका घराचा दरवाजा ठोठवावा लागे ती जगभरच्या ग्रंथालयांत गेली. कोपनहेगनच्या जुळ्या पोथीची छायाप्रत काय बार यांनी १९३७ ते १९३९ मध्ये काढली. त्यामुळे दोन्ही पोथ्या शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. एकाच हाताने एकाच वर्षात लिहिलेल्या या प्रतींत पाठभेद आहेत, हे विशेष. लेखनिक म्हणजे यंत्र नव्हे.

इथे एक सूक्ष्म गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. चिकित्सक आवृत्तीत प्रत्येक पोथीला एक अक्षर आणि एक आकडा असतो. ऑक्सफर्डची पोथी जे-२, कोपनहेगनची के-५ आणि के-१, लंडनची एल-४. के म्हणजे कोपनहेगन, एल म्हणजे लंडन. जे म्हणजे मात्र जामास्पजी. पोथी ऑक्सफर्डला गेली तरी तिचे अक्षर बदलले नाही. विकलेल्या पोथ्यांवर शहराचे नाव चढले, दिलेल्या पोथीवर देणाऱ्याचे राहिले. हे कोणी ठरवून केलेले नाही, हे मी जाणतो. गेल्डनरच्या हाती ती आली तेव्हा ती जामास्पजींची होती एवढेच. तरीपण मिहरबानचे अक्षर म्हणून कोणतेही चिन्ह नाही, चाहिलचे तर नाहीच. माझे नाव पुसू नका ही विनंती करणाऱ्याच्या चार पोथ्यांना तीन मालकांची आद्याक्षरे मिळाली. शास्त्राच्या सोयीची ही पद्धत मी चुकीची म्हणत नाही. पण पद्धत बनविणाऱ्याने शेवटचा कब्जेदार तोच मालक असे गृहीत धरले आहे, आणि महसुलात आम्ही अशा गृहीतकावर वरिष्ठांचे ताशेरे खाल्ले आहेत.

मग या पोथ्या परत मागाव्यात काय? आमच्या एका बैठकीत हा प्रश्न निघाला तेव्हा तरुण मंडळींचा कल मागाव्यात याकडे होता. माझे मत वेगळे आहे. जे-२ ही दात्याने जिवंतपणी, समजून उमजून दिलेली देणगी आहे. ती परत मागणे म्हणजे जामास्पजींचा निर्णय आपण फिरवणे. तो अधिकार आपल्याला कोणी दिला? रास्क आणि गाइझ यांच्या पोथ्या खरेदीच्या आहेत; दर कमी मिळाला असेल म्हणून दोन शतकांनी खरेदीखत रद्द होत नाही. शिवाय मागणार कोण? आपण तर नव्हेच. हक्क असलाच तर तो पारशी समाजाचा, आणि त्यांच्या नवसारीच्या मेहेरजी राणा ग्रंथालयाने, जे १८७२ साली, म्हणजे गायकवाडी अमलात स्थापन झाले, उरलेल्या पोथ्या ज्या निष्ठेने सांभाळल्या आहेत ते पाहता कोणाला काही शिकविण्याची गरज नाही. आता छायाचित्रे संगणकावर घरबसल्या पाहता येतात, तेव्हा पाहण्याचा प्रश्नही बराच सुटला. मला हवे आहे ते अगदी थोडे आहे. जिथे जिथे या पोथ्यांचे वर्णन येईल तिथे मालकीची साखळी खंबायतेपासून सुरू व्हावी. गाइझपासून किंवा रास्कपासून नव्हे.

हे मी इतक्या पोटतिडिकीने का लिहितो, हे सांगणे भाग आहे. आमच्या घरी नित्यपाठाची एक हस्तलिखित पोथी होती. हरिपाठ, विष्णुसहस्रनाम, अथर्वशीर्ष, काही आरत्या. मजकूर बाळबोध, आणि समासात मोडीत घरच्या जन्ममृत्यूच्या नोंदी. आमचे घराणे इकडे कधी आले, याचा तेवढाच लेखी पुरावा. १९७४ साली मी शाळेत असताना वडिलांनी ती एका संस्थेला दिली. तिथे ती नीट राहील, चार विद्वान पाहतील, अशी त्यांची भावना. वडील गेल्यावर मी चौकशीला गेलो. नोंदवहीत ओळ सापडली: जुनी पोथी, अपूर्ण, नग एक. देणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही. पोथी कपाटात नव्हती. तिथल्या गृहस्थांनी मनापासून शोधले, मला त्यांच्याविषयी तक्रार नाही. परंतु त्या एका ओळीने आमच्या पाच पिढ्यांचा नग एक करून टाकला होता. मिहरबानच्या पोथ्यांचा प्रवास मी वाचू लागलो तो त्यानंतर. सात शतकांपूर्वीच्या खंबायतच्या व्यापाऱ्याचे नाव, बापाच्या नावासह, आज सांगता येते. आणि माझ्या आजोबांच्या पोथीचे सांगता येत नाही.

पोथी हरवली की पोथीबद्दलचे वादही कायमचे अनिर्णित राहतात. राजवाड्यांनी १९०९ साली छापलेल्या ज्ञानेश्वरीचे उदाहरण प्रसिद्धच आहे. एकनाथपूर्व म्हणून त्यांनी जी प्रत मानली, ती मूळ पोथी आज पडताळून पाहण्यास उपलब्ध नाही. राजवाड्यांची विद्वत्ता वादातीत; पण छापील पुस्तकावर विश्वास ठेवावयाचा तो संपादकाच्या शब्दावर. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे कोणत्या प्रती होत्या, त्या कोणाच्या घरच्या होत्या, हेही कळते तर किती प्रश्न सुटते! या बाबतीत खंबायतचा चाहिल आपल्या संतपंडितांहून अधिक व्यवहारी निघाला, असे नाइलाजाने म्हणावे लागते. होडीवाला यांनी १९२० साली पारशी इतिहासातल्या पारंपरिक सनावळ्यांची जी कठोर छाननी केली ती करता आली, कारण तपासून पाहावयाला तिथीवार लेख हाती होते. श्रद्धाळू वाचकांना न रुचणारे निष्कर्षही त्यांनी स्वधर्मीय असून मांडले. असे संशोधन आपल्या घराण्यांच्या बखरींवर कोणी केले तर पुष्कळ कुलवृत्तान्त पुन्हा लिहावे लागतील.

आमच्याकडे एक पोथी अजून उरली आहे, आजीच्या माहेरची, व्यंकटेशस्तोत्र आणि काही अभंगांची. कागद जीर्ण झाला आहे म्हणून गेल्या चातुर्मासात मी तिची नक्कल केली. वळणदार अक्षर आता जमत नाही. दोन ठिकाणी ओळ गळली, ती समासात भरली. शेवटी शके आणि इसवी सन दोन्ही घातले, सुरत लिहिले, मूळ पोथी कोणाकडून आली, कोणाच्या हातची असावी, ते लिहिले. आजीचे माहेरचे पूर्ण नाव घातले. पानावर तीन बोटे जागा शिल्लक होती, म्हणून पोथी कोणी मागून नेल्यास पावती घ्यावी, असेही खाली लिहून ठेवले आहे.